वॉर्डात रात्री कोण थांबणार: सून, लेक की ब्युरोची बाई?

आजींचं वय ७६. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरी ऊस आणि दोन म्हशी. पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या आणि डाव्या खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडली. लेक आणि धाकटा मुलगा पुण्यात, म्हणून त्यांना पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मोडलेल्या मानेवरचा गोळा काढून धातूचा बसवला, ज्याला सगळे ‘बायपोलर’ म्हणतात. शुगर आणि बीपीच्या गोळ्या जुन्याच, मोतीबिंदू काढलेले, ऐकायला जरा कमी. ऑपरेशन चांगलं झालं. हे प्रकरण त्यानंतरच्या दिवसांचं आहे. मी तिथे मेडिकल सोशल वर्कर आहे. घरच्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मोठा मुलगा गावी शेती बघतो. आजी त्याच्याचकडे राहतात. त्याची बायको, म्हणजे मोठी सून, ऑपरेशनच्या दिवशीच दोन लुगडी आणि डब्बा घेऊन एसटीने आली. धाकटा आयटीत, पिंपरी-चिंचवडला. त्याची बायको बँकेत. लेक हडपसरला राहते, शाळेत शिकवते, आणि तेव्हा तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या.

नियम काय, आणि त्यातून कोण उरतं

आमच्या जनरल वॉर्डात पेशंटजवळ एकच माणूस, पासवर. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष चालत नाही. नियम बरोबर आहे, चोवीस बायका तिथे झोपलेल्या असतात. पण त्याचा परिणाम असा की दोन धडधाकट मुलगे असूनही रात्रीच्या प्रश्नाला उत्तर तीन बायकांतच शोधायचं. त्यातल्या दोघी नोकरीच्या, म्हणून तिसरीवर आलं. मोठ्या सुनेला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही म्हटलं नाही. तिला स्वतःला कमरेचा त्रास आहे हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं.

रात्रपाळीला त्या चोवीस खाटांना दोन सिस्टर आणि एक मावशी. इंजेक्शनं, सलाइन, नवीन ॲडमिशन यातच सिस्टरची रात्र जाते. कूस बदलणं, पॉट देणं, पाणी पाजणं ही खरं तर नर्सिंगची कामं. आपल्याकडे ती हळूहळू ‘नातेवाइकांना सांगा’ या वाक्यावर ढकलली गेली, आणि इतकी मुरली की नातेवाइकांनाही ती आपलीच वाटतात. माझी तक्रार ढकलण्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त आहे ती काहीही न शिकवता ढकलण्याबद्दल.

असं ऑपरेशन झालेल्या माणसाला महत्त्वाच्या सूचना तीनच असतात. पाय आत वळू द्यायचा नाही, एका पायावर दुसरा टाकायचा नाही, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवतात. कूस बदलताना ती उशी तशीच ठेवून सगळं अंग ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं. नाहीतर नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो आणि पेशंट परत ऑपरेशन थिएटरमध्ये जातो. मोठ्या सुनेला यातलं कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना अवघडतंय म्हणून तिने पहिल्या रात्री उशी काढून ठेवली. पॉट द्यायला काखेत हात घालून एकटीने त्यांना उचलायची. सकाळी सिस्टर तिच्यावर ओरडल्या. मी तिथेच उभी होते. खाली मान घालून तिने उशी परत लावली, पण ती का लावायची हे तेव्हाही तिला कुणी सांगितलं नाही.

पाणी

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. नळी जास्त दिवस ठेवली तर जंतुसंसर्गाची भीती, म्हणून लवकर काढणंच योग्य. पण नळी निघाली म्हणजे दर वेळी पॉट मागायची वेळ आली. आणि आजींनी पाणी पिणं बंद केलं.

हे लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ग्लास भरलेला असायचा. सून म्हणायची ‘आत्या, पाणी घ्या’, आजी ओठ लावायच्या आणि ग्लास खाली ठेवायच्या. चहा नको, सरबत नको. जेवण दोन घास. रात्री दुखलं तरी कळ काढून पडून राहायच्या, कारण कूस बदलली की उठवणं आलं. ढुंगणाच्या हाडावर चार बोटं जागा लाल झाली. बोटाने दाबली तरी लाली जात नव्हती, म्हणजे बेडसोअरची सुरुवात.

तिसऱ्या रात्री त्या बरळायला लागल्या. गोठ्याचं दार उघडं राहिलंय, म्हशी आत घ्या, असं ओरडून त्यांनी सलाइन ओढून काढली आणि पलंगावरून पाय खाली सोडायचा प्रयत्न केला. सून रडकुंडीला आली. शेजारच्या पेशंटची लेक धावली, मग सिस्टर आल्या. सकाळच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ वरून १.८ झालेलं (हे वाढलं की मूत्रपिंडावर ताण), लघवी गडद आणि तिच्यात पस सेल्स, म्हणजे जंतुसंसर्गाची खूण. दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू होतं, तेही वयस्कर माणसाच्या डोक्याला भ्रम करू शकतं. ते बंद केलं, सलाइन वाढवलं, अँटिबायोटिक सुरू झालं.

याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे वरचेवर दिसतं. सकाळी माणूस बऱ्यापैकी ताळ्यावर असतो, दिवेलागणीनंतर बिघडतं. घरच्यांना वाटतं वेड लागलं किंवा भूल जास्त झाली. बहुतेकदा कारणं अनेक असतात आणि सगळी साधी असतात: पाणी कमी, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, एखादं औषध, झोप नाही, चष्मा नाही, ऐकायचं मशीन घरी राहिलेलं.

धाकट्याचा उपाय

धाकट्या मुलाने चौथ्या दिवशी कुणाला न विचारता फोनवरून पेशंटजवळ थांबायला बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोची बाई ठरवली. बारा तासांचे ९०० रुपये, नोंदणीचे १,००० वेगळे. ‘पैशाचं मी बघतो, वहिनीला झोपू द्या,’ एवढं म्हणून त्याने विषय संपवला. हेतू चांगला होता. रात्री आठला एक विशीतली मुलगी आली, ब्युरोचं ओळखपत्र गळ्यात. सुनेने पास तिच्या हातात दिला आणि ती नातेवाइकांच्या हॉलमध्ये जाऊन झोपली.

साडेअकराला आजींना जाग आली. समोर अनोळखी चेहरा, अंधार, चष्मा ड्रॉवरमध्ये. हातातल्या सोन्याच्या पाटल्या चाचपत त्या ‘चोर, चोर’ म्हणून किंचाळल्या. सगळा वॉर्ड जागा. मुलगी घाबरून भिंतीला टेकली. तिला पेशंटबद्दल ‘फ्रॅक्चरचं पेशंट आहे’ याहून जास्त काही सांगितलेलं नव्हतं. आदल्या रात्री त्या बरळल्या हे नाही, पायाची काळजी नाही, कमी ऐकू येतं हेही नाही. नंतर कळलं की ती सलग दुसरी पाळी करत होती. दिवसभर दुसऱ्या पेशंटकडे होती. पहाटे ती कानात हेडफोन घालून स्टुलावर झोपलेली सिस्टरना दिसली. मोठ्या मुलाला गावी फोन गेला आणि तो सकाळच्या गाडीने आलाच.

‘परक्या बाईच्या ताब्यात आई द्यायची? उद्या गावात तोंड दाखवायला जागा राहील का?’

‘दादा, मग तू थांब ना.’

‘मला थांबू देत नाहीत.’

‘तेच म्हणतोय मी.’

एवढं होऊन दोघे माझ्या टेबलासमोर बसले. लेक शाळेतून अर्धी रजा टाकून आली. मोठी सून दाराशी उभी. तिला बस म्हटलं तर ‘राहू दे हो ताई’ म्हणाली.

आजींना विचारलं

या चौघांच्या बोलण्यात आजींना काय हवं हा प्रश्न आलाच नाही. ‘तिला आता कुठं कळतंय?’ हे धाकट्याचं म्हणणं. पण डेलिरियमची सकाळ वेगळी असते. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला, चष्मा लावून, उजव्या कानाशी बसून मी विचारलं. वार बरोबर सांगितला, गाव सांगितलं, मी कोण तेही ओळखलं. मग रात्री जवळ कुणी असावं असं विचारल्यावर म्हणाल्या:

‘सुनंला सांगाया जीभ रेटत न्हाई. ती करती सगळं, न्हाई म्हनत न्हाई. पर तोंडाला पदर लावती. मी बगितलं.’

मग थोड्या वेळाने, ‘पैसं घेणारी आसंल तर हक्कानं सांगता येतं. पर रातच्याला डोळं उघडल्यावर आपलं कुनीतरी दिसाया पायजे.’

या दोन वाक्यांत सगळी मांडणी होती, आम्हाला फक्त ती वॉर्डाच्या वेळापत्रकात बसवायची होती. घरचे सगळे भांडत होते माणसावरून: आपलं की परकं. आजींनी कामं वेगळी केली. शू-शी, अंग पुसणं, उचलणं, कूस यासाठी त्यांना परकं माणूस हवं होतं, कारण परक्यापुढे उपकाराचं ओझं नाही. ओळखीचा चेहरा, बोलणं, डॉक्टर काय म्हणाले ते समजावणं यासाठी घरचं. आपल्याकडे सरसकट गृहीत धरतात की घरच्या बाईने केलेली सेवा पेशंटला जास्त सुखाची. बऱ्याच सासवांना, आणि पुरुष पेशंटना तर त्याहून, शरीराच्या कामासाठी घरचं माणूस नको असतं. ते बोलत नाहीत. पाणी कमी पितात.

याचा अर्थ भाडोत्री बाई हे उत्तर असाही नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वेळ-वार-ठिकाणाची आठवण देत राहणं, चष्मा आणि कानाचं मशीन जवळ ठेवणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट पेय आणि शांतता, अशी साधी कामं नेमाने केली. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत डेलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं, ही कामं केलेल्यांत ९.९ टक्के. यातली पुष्कळ कामं प्रशिक्षित स्वयंसेवक करत होते. ते ना नातेवाईक, ना नर्स. काय करायचं हे मात्र त्यांना नेमकं माहीत होतं. आमच्या मोठ्या सुनेला आणि त्या ब्युरोच्या मुलीला नेमकं तेच माहीत नव्हतं, आणि दोघींचं अपयश मी एकाच खात्यात टाकते.

काय केलं

ब्युरो बदलला नाही, बाई बदलली. हॉस्पिटलच्या यादीवर असलेल्या दोन ब्युरोंपैकी हा एक होता, त्यामुळे आम्हाला अट घालता आली: जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटची रोजची देखभाल शिकवणारा कोर्स केलेली हवी, आणि त्या दिवशी आधीची पाळी केलेली नको. आली ती चाळिशीची, हिंगोलीकडची, दहा वर्षं हेच काम करणारी.

पाटल्या, बोरमाळ, कुड्या आधी घरी पाठवल्या. यादी करून लेकीची सही घेतली. मोठ्या मुलाला वाटलं हे बाईवरच्या संशयापोटी. उलट आहे. काही हरवलं तर पहिलं बोट बाईकडे जातं आणि ब्युरो तिला त्याच दिवशी काढतो. दागिने घरी असले की तिला धोका नाही.

‘एकच माणूस’ या नियमाला दोन तासांची सवलत मागितली: संध्याकाळी सात ते नऊ लेक आणि बाई दोघी एकत्र. नर्सिंग सुपरिंटेंडेंटचं म्हणणं होतं की गर्दी म्हणजे जंतुसंसर्ग. ते उडवून लावण्यासारखं नाही. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्स या श्वसनाच्या विषाणूची साथ मुख्यतः हॉस्पिटलांतूनच पसरली. १८६ बाधित, ३८ मृत्यू, आणि बाधितांत सुमारे एक तृतीयांश पेशंटजवळ थांबलेले घरचे किंवा भेटायला आलेले होते. तिथेही आपल्यासारखीच घरच्यांनी वॉर्डात मुक्काम करायची पद्धत. त्यानंतर त्यांनी नातेवाइकांशिवाय चालणारे वॉर्ड वाढवले, नर्स आणि सहायक वाढवले आणि त्याचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतला. मी सुपरिंटेंडेंटना एवढंच म्हटलं, की माणसं कमी करायची तर कर्मचारी वाढवावे लागतात, आणि ते आपण वाढवणार नसू तर दोन तास द्या. दिले.

त्या दोन तासांत लेकीने आईसमोर बाईची ओळख करून दिली. नावाने, आणि दर संध्याकाळी नव्याने. ‘आई, ह्या आजही आहेत, रात्री ह्याच पाणी देणार.’ बाई पहिल्यापासून ‘आजी’ म्हणायची, आजी दुसऱ्या रात्रीपासून तिला ‘पोरी’ म्हणायला लागल्या. उशाशी लहान दिवा रात्रभर चालू, चष्मा केसमध्ये न ठेवता हाताशी. घरच्या सगळ्यांचा एक फोटो समोर लावला. मोठ्या मुलाने त्यात म्हशींचाही फोटो आणून दिला. हसू आलं, पण लावला.

बाईचं काम मी एका रात्री थोडा वेळ थांबून पाहिलं. ती ‘आजी, लागलीय का?’ असं विचारत नव्हती. दर दोन तासांनी सरळ ‘चला आजी, वेळ झाली’ म्हणायची. मागायचीच वेळ येत नसल्यामुळे लाजायचीही येत नव्हती. नेहमीच्या खोलगट पॉटऐवजी एका बाजूने चपटा असलेला फ्रॅक्चर पॉट तिने मागून घेतला. पलंगावर टांगलेली कडी आजींच्या हातात, चांगला पाय गुडघ्यात वाकवलेला, ‘एक, दोन, तीन’ म्हणून आजी स्वतःच कंबर उचलायच्या आणि ती पॉट सरकवायची. मधली उशी जागची हलली नाही. त्याच खेपेला अर्धा ग्लास पाणी, कूस, लाल झालेल्या जागेवर नजर. मग वहीच्या पानावर वेळ, पाणी, लघवी. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी आधी ते पान वाचलं. नातेवाइकाला ‘रात्र कशी गेली?’ विचारलं की ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं.

सहाव्या रात्री एकदा गोंधळ झाला, सातव्या रात्री नाही. फिजिओने वॉकर घेऊन उभं केलं होतंच, सातव्या दिवशी त्या दारापर्यंत चालल्या. क्रिएटिनिन १.२. ती लाली कमी झाली. नवव्या दिवशी लेकीच्या घरी सोडलं.

घरच्यांना शिकवणं मात्र आम्ही उशिरा केलं. नारायणा हेल्थच्या हॉस्पिटलांत सुरू झालेला आणि आता नूरा हेल्थ ही संस्था अनेक राज्यांत सरकारी दवाखान्यांतही चालवते तो उपक्रम हेच करतो. पेशंट ॲडमिट असतानाच नातेवाइकांना वॉर्डात बसवून घरी काय करायचं ते शिकवायचं. आता आमच्या ऑर्थो वॉर्डात ऑपरेशनच्या दिवशीच जो कुणी थांबणार त्याला वीस मिनिटं बसवतात. उशी, कूस, पॉट, पाणी-लघवी नोंदवायचा कागद. ब्युरोच्या बाईलाही तेच. बाहेरच्या बाईला पेशंटची माहिती देणारा अर्ध्या पानाचा कागद आहे, तो भरून घेतल्याशिवाय पास देत नाहीत. निदान द्यायचा नाही असं ठरलंय.

पैसे

हॉस्पिटलमधल्या पाच रात्रींचे ४,५००. घरी गेल्यावर २१ दिवस दिवसपाळीची बाई, दिवसाला ८५०, म्हणजे १७,८५०. नोंदणी धरून २३,३५०. मेडिक्लेमने यातला एक रुपया दिला नाही. अटेंडंटचा खर्च विम्यात सहसा धरत नाहीत, आणि हे लोकांना बिल हातात पडल्यावर कळतं. ९०० पैकी बाईच्या हातात ६०० पडत होते. रात्री तिला बसायला स्टूल, डब्बा स्वतःचा, आणि पेशंट अचानक डिस्चार्ज झाला तर दुसऱ्या दिवसाचं काम नाही. ब्युरो बाई बदलून देतो, पोलिस पडताळणी करून घेतो, हे त्याच्या तीनशेचं काम म्हणायचं. पहिल्या मुलीला सलग दोन पाळ्या लावल्या तोही त्याच ब्युरोने.

धाकट्याने डिस्चार्जच्या दिवशी फोनवरच तिघांचा हिशेब मांडला. हॉस्पिटलचं बिल, औषधं, वॉकर, कमोड खुर्ची, बाई. बरोबर तीन वाटे. मोठ्याने पाहिलं आणि काही बोलला नाही. मी म्हटलं, यात वहिनींच्या सुरुवातीच्या रात्री नाहीत, आणि आजी घरी गेल्यावर पुढची वर्षं त्याच बघणार आहेत, तेही नाही. धाकटा म्हणाला, ‘घरच्या माणसाचे पैसे कसे लावणार, ताई? वहिनीलाच आवडणार नाही.’ वहिनी तिथेच पिशवी भरत होत्या. त्या म्हणाल्या, ‘पैसं नकोत. मला कमरंचा एक्स-रे काढायचाय, त्यो काढून द्या.’ त्याच दिवशी आमच्याच ओपीडीत काढला.